सीटखालच्या फळीवरची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. वाहन संग्रहालयात शिरल्यावर डाव्या हाताला, जाड दोरीच्या पलीकडे, लाल अंगाची आणि पिवळ्या टपाची जी बस उभी आहे, ती मीच. माझ्या एका बाजूला घोड्यांची ट्राम आहे आणि दुसऱ्या बाजूला दुमजली बस. दोघी स्वभावाने गरीब. आम्हाला जपा, आमच्या पत्र्यावर नावे कोरू नका, एवढेच त्यांचे मागणे असते.

मी तसले काही मागणार नाही. मला तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याच्यावर मी सत्तावीस वर्षे डूख धरून होते. म्हातारपणी सगळे विसरावे, मन मोठे करावे, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझे इंजिन काढून घेतले आहे आणि टाकी कोरडी आहे, त्यामुळे आत जागा पुष्कळ आहे. पण मन मोठे करायची इच्छा नाही.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. कारखान्यात मला नुसता सांगाडा, चाके आणि इंजिन मिळाले. तेथून एक माणूस लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडके बांधून, तीन दिवस ऊनवारा खात मला या शहरात घेऊन आला. मग येथल्या वर्कशॉपमध्ये सुतारांनी माझी लाकडी जमीन घातली आणि पत्रेवाल्यांनी अंग चढवले. अठ्ठेचाळीस माणसांच्या बैठका बसवल्या. ड्रायव्हरच्या सीटसाठी एका सुताराने खास जाड फळी रंधून घेतली. फळी खाली, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या आणि वर काळे रेक्झिन. ही फळी लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट तिच्यावरच बसलेली आहे.

पहिली अकरा वर्षे माझी फार चांगली गेली. मला मिळालेल्या ड्रायव्हरचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठे कोणी घेत नसे. सगळे त्यांना सबुरीमामा म्हणत. कोणी घाई केली, मागून कोणी हॉर्न वाजवला, कंडक्टरने दोरी ओढून घंटीचा सपाटा लावला, तरी मामांचे उत्तर एकच, "सबुरी." रोज सकाळी ते माझ्याभोवती एक फेरी मारत. हातोडीच्या दांड्याने एकेका टायरवर ठोकून कान देत. माझ्या तिसऱ्या रांगेतली एखादी बैठक सैल झाली, तर पुढे बसून, इंजिनाच्या आवाजात, मामांना ते कळत असे. लोक एक गाडी सोडून देत आणि माझी वाट पाहत थांबत. एखाद्या बसला याहून मोठे कौतुक काय हवे?

मामांना एक मुलगी होती. शाळा सुटली की ती थांब्यावर येऊन उभी राही आणि वडिलांच्या मागच्या बैठकीवर बसून शेवटपर्यंत येई. वाटेतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा तिला नाद होता. कुठल्या पाटीतले अक्षर तिरके पडले आहे, कुठल्या रंगाऱ्याने जागा संपली म्हणून शेवटची अक्षरे दाटीने बसवली आहेत, हे ती मामांना सांगत असे. मामा म्हणत, "माझं लक्ष रस्त्यावर आहे, तू वाच." आमचा असा छान संसार चालला होता.

आणि मग डेपोत नवे साहेब आले.

साहेब वाईट दिसत नसत. उंच, गोरे, कडक इस्त्रीची पांढरी पँट आणि बोलायला साखर. पण त्यांना एका गोष्टीचे वेड होते. शहरातल्या सगळ्या डेपोंमध्ये मिळून एक फिरती ढाल होती. ज्या डेपोच्या गाड्यांच्या तक्रारी महिनाअखेर सर्वांत कमी, त्याला ती ढाल मिळे. ती ढाल साहेबांना आपल्या टेबलामागच्या भिंतीवर कायमची हवी होती. तक्रारी कमी करायचे दोन मार्ग असतात. गाड्या दुरुस्त करणे हा एक. साहेबांनी दुसरा निवडला.

प्रत्येक बसला एक तक्रारवही असते. ड्रायव्हर पाळी संपली की तिच्यात लिहितो, आणि त्यावर साहेबांची सही झाली की मेकॅनिकला सामान मिळते. साहेबांच्या काळात या वह्या फार खराब होऊ लागल्या. कधी तेल सांडे, कधी पाने सुटत. ज्या वहीत तक्रारी जास्त, नेमकी तीच खराब होई, आणि महिनाअखेरीच्या आत तिच्या जागी कोरी करकरीत वही येई. ढाल तीन वर्षे आमच्याच डेपोत राहिली. सत्कार झाले, हार झाले. आमचे क्लच घसरत होते आणि साहेबांची छाती फुगत होती.

ड्रायव्हर लोक काही दुधखुळे नव्हते. वही टिकत नाही म्हटल्यावर त्यांनी आपली वही स्वतःच शोधून काढली. ज्या सीटवर रोज बसायचे तिची गादी उचलायची आणि खालच्या फळीवर पेन्सिलीने लिहायचे. तारीख, तक्रार, आपल्या नावाचे पहिले अक्षर. मेकॅनिक सकाळी गादी उचलून बघे, जमेल ते दुरुस्त करी आणि पुढे बरोबरची खूण करी. दिवा गेला, केबल तुटली, वायपर अडकला, अशी कामे कागदावाचून होऊन जात. सगळ्या डेपोला हे ठाऊक होते, एका साहेबांखेरीज. कारण साहेब कधीही ड्रायव्हरच्या सीटवर बसत नसत. पांढऱ्या पँटला ग्रीस लागले असते.

पण ब्रेकच्या आतले लायनर बदलायचे तर स्टोअरमधून नवे आणावे लागतात, आणि स्टोअरला साहेबांची सही लागते. तिथे फळी काय करणार?

त्या वर्षी माझे ब्रेक कमजोर झाले. सपाट रस्त्यावर धरत, उतारावर सोडून देत. आमचा मार्ग टेकडीवरच्या वसाहतीतून थेट खाली बाजारात उतरणारा. मामांनी वहीत लिहिले. वही बदलली. मामांनी पुन्हा लिहिले, आणि साहेबांच्या खोलीत जाऊन तोंडीही सांगितले. त्या संध्याकाळी गादी उचलून त्यांनी फळीवर जे लिहिले, त्याचे एकेक अक्षर मला पाठ आहे. "ब्रेक उतारावर धरत नाही. तिसऱ्यांदा लिहितो आहे. साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, महिनाअखेर होऊ दे."

त्या ओळीपुढे खूण नाही.

एकोणतीस तारखेला मामांनी दुसरी गाडी मागितली. साहेब म्हणाले, "गाडी न्यायची नसेल तर घरी बसा, तुमच्या जागी बसायला लोक पुष्कळ आहेत." मामा मला घेऊन निघाले. दिवसभर त्यांनी मला चालत्या माणसाच्या वेगाने उतरवले. चौथ्या फेरीला, निम्मा उतार उरला असताना, त्यांनी पाय दाबला आणि माझ्याकडून काहीच झाले नाही. मित्रांनो, हे मला सांगावेच लागेल. त्या क्षणी दगा साहेबांनी दिला नाही, मी दिला. मामांचा पाय पूर्ण जमिनीला टेकला आणि मी धावत सुटले.

माझ्यात त्रेचाळीस माणसे होती. खाली बाजार भरलेला. मामा ओरडले नाहीत. त्यांनी गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला, आणि वळणावरच्या बंद गिरणीच्या भिंतीला माझी डावी कूस घासत नेली. नाकापासून शेपटीपर्यंत माझा पत्रा सोलून निघाला. चाके वाकली. पण मी थांबले. कंडक्टरचे गळ्याजवळचे हाड मोडले, एका आजीचे दोन दात गेले, बाकी सगळे आपल्या पायांनी उतरले. त्या आजीने तोंडावर पदर धरूनच मामांच्या डोक्यावरून हात फिरवला.

पाऊण तासाने साहेब जीपमधून आले. कोणाला लागले, किती लागले, हे त्यांनी विचारले नाही. ते माझ्या दारात चढले आणि म्हणाले, "वही कुठंय?"

वही त्यांनी नेली. दारांना साखळी घालून लाखेचे सील स्वतःच्या हाताने लावले. चौकशी नऊ दिवसांत संपली. कोऱ्या वहीत ब्रेकची तक्रार नव्हती. चाके वाकल्यामुळे ब्रेक तपासता येत नाहीत, असा शेरा पडला. चालकाचा निष्काळजीपणा, असे ठरले आणि मामा बडतर्फ झाले. चोर तो चोर, वर शिरजोर. साहेबांना पुढे बढती मिळाली.

मला ज्याचा सर्वांत जास्त राग आला, ते आता सांगते. मामांनी फळीबद्दल चौकशीत अवाक्षर काढले नाही. एक गादी उचलायचा अवकाश होता. मी आत बसून वाट पाहत होते, की आता सांगतील, आता सांगतील. ते गप्प राहिले. कितीतरी वर्षे मला वाटले की धक्क्याने त्यांना विसर पडला असावा.

मी चौकशीचा मुद्देमाल होते, म्हणून मला मोडता येईना. डेपोच्या मागच्या अंगणात, गाड्या धुवायच्या धक्क्यापलीकडे, एका ताडपत्रीखाली मी चोवीस वर्षे उभी राहिले. माझ्याबरोबरच्या बावीस बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. प्रत्येक वेळी गॅसकटरचा वास येई आणि मला वाटे, आता माझी पाळी. पण सील लावलेल्या गाडीला हात लावायचे कोणाच्या मनात येत नसे. साहेबांनी मला गाडण्यासाठी जे सील लावले, त्यानेच मला वाचवले. अंगणात उभी राहून मी फक्त एकच काम केले. साहेबांचे शब्द रोज आठवले, म्हणजे राग शिळा होत नाही.

मग संग्रहालयाला या जातीची बस हवी झाली आणि मी एकटीच शिल्लक होते. येथल्या व्यवस्थापक बाईंनी पंचांसमोर सील फोडले. माझी डावी कूस ठोकून सरळ केली, रंग दिला, काचा बसवल्या. सीटच्या बाबतीत मात्र येथल्या मिस्त्रीने हात आखडला. जुनी गादी न उचलता त्याने तिच्यावरच नवे रेक्झिन ताणून खिळे मारले. झाकले की झाले. मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात नाहीत.

नवीन दालन उघडायच्या आठ दिवस आधी दोन माणसे आली. एक होते साहेब. निवृत्त होऊन ते संग्रहालयाचे मानद सल्लागार झाले होते. केस पांढरे झाले होते, पँट तशीच पांढरी होती. माझ्यापुढच्या फलकाचा मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. दुसरी होती एक पाटीवाली ताई. दालनातले सगळे फलक हाताने रंगवायचे काम तिच्याकडे होते. तिने डबे उघडले, दोरीला खडू चोळून फलकावर रेघा मारल्या आणि साहेबांचा कागद वाचायला घेतला.

"चालकाच्या निष्काळजीपणामुळे ही बस उतारावर अनावर झाली. तत्कालीन आगारप्रमुखांच्या प्रसंगावधानामुळे पुढील अनर्थ टळला."

ताईने कागद दोनदा वाचला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझा रंग बदलला होता, पण वडिलांच्या मागची बैठक जागेवर होती. तिने ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला आणि ती बाईंच्या खोलीत गेली. खोली समोरच आहे, दार उघडे असते, मला सगळे ऐकू येते.

"बाई, हा मजकूर खरा नाही. ते ड्रायव्हर माझे वडील होते."

बाईंनी टेबलावरची फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे काही कागद आहे?"

"नाही."

"माझ्याकडे चौकशीचा अहवाल आहे. मला तो मानावा लागेल. तुम्हाला हा फलक नको असेल तर मी दुसऱ्या कोणाकडून करून घेते."

"नको," ताई म्हणाली. "मीच करते."

मला तिचाही राग आला. मला वाटले, फेकून दे तो ब्रश, उलटा कर रंगाचा डबा. पण पोर बापाच्या वळणावर गेली होती. तिने दुसरे वाक्य आधी रंगवले, तेही इतके सावकाश, की एक काना सुकेपर्यंत दुसऱ्याला हात लावायची नाही. पहिल्या वाक्याची जागा कोरी ठेवली. साहेब रोज येऊन विचारत, "वरची ओळ?" ती म्हणे, "अक्षर मोजून बसवावं लागतं साहेब. घाईत घेतलं तर शेवटी दाटी होते." साहेबांना ती कोणाची मुलगी आहे, याचा पत्ता नव्हता. पण रविवारी उद्घाटन होते आणि तोवर ती ओळ भरावीच लागणार होती. दुपारी जेवताना तिने मिस्त्रीला सांगितले, की तिचे वडील तेव्हापासून लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसले आणि आजतागायत कुठल्याही बसमध्ये चढलेले नाहीत. कितीही लांब असो, चालत जातात. शाळेत मुले तिला 'बिनब्रेकची' म्हणत. एवढे सांगून तिने डबा बंद केला.

शनिवारी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. साहेब खुलले. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो दिला, दारात उभे राहून दिला, आणि बाई, मिस्त्री, ताई, फोटोवाला सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अपघाताच्या दिवशी हिला मी स्वतः सील लावलं. इथे येऊन ते फोडेपर्यंत हिच्यात माशीसुद्धा शिरलेली नाही. तसंच्या तसं जतन केलंय मी."

फोटोवाला म्हणाला, "साहेब, एक स्टिअरिंगवर बसून घेऊ या."

मित्रांनो, माझ्यात ग्रीसचा थेंब उरला नव्हता. सीट नव्या रेक्झिनने झळकत होती. साहेब आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

त्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात एक स्प्रिंग होती. तिचा टाका कधीच सुटला होता. मी ती चोवीस वर्षे अंगणात आणि तीन वर्षे येथे, दाबून धरली होती. ती आपोआप सुटली असे मिस्त्री म्हणतो. त्याला म्हणू दे. ती रेक्झिन फाडून वर आली आणि साहेबांच्या पांढऱ्या पँटमधून पुढे जिथपर्यंत जायची तिथपर्यंत गेली. साहेब जे ओरडले, ते ऐकून ट्रामसुद्धा दचकली. फोटोवाल्याने मात्र बोट दाबायचे सोडले नाही.

साहेबांना खुर्चीवर बसवता येईना, म्हणून खांबाला टेकवून उभे केले. मिस्त्री कानकोंडा होऊन पक्कड घेऊन आला. आता गादी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्याने खिळे उपटले, गादी उचलून बाजूला ठेवली आणि तसाच वाकलेला राहिला.

"बाई," तो म्हणाला, "इथं काहीतरी लिहिलंय."

साहेब खांबापासून म्हणाले, "ड्रायव्हर लोकांचा चावटपणा असेल. खरवडून टाका."

पण या संग्रहालयात बाईंचा एक नियम आहे. जुन्या वस्तूत काही सापडले की आधी फोटो, मग हात. मिस्त्रीला तो नियम आधी पाळला नाही म्हणून आज लाज वाटत होती, त्यामुळे तो आता फळीसमोर पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. बाई चढल्या. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीमागून ओळ वाचायला सुरुवात केली. दिवा, केबल, वायपर, पुढे खूण. दार लागत नाही, पुढे खूण. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला, आणि शेवटची ओळ त्यांनी अजिबात मोठ्याने वाचली नाही. त्या बाजूला झाल्या आणि ताईला म्हणाल्या, "तुम्ही वाचा."

ताईने वाचले. मागे झुकलेले अक्षर आणि ओळीच्या शेवटी ठोकल्यासारखे टिंब, ते अक्षर तिने शाळेच्या वह्यांवर वर्षानुवर्षे पाहिले होते. तिने तारीख वाचली, तक्रार वाचली, आणि "साहेब म्हणाले, महिनाअखेर होऊ दे" हे वाचताना ती साहेबांकडे वळली.

साहेब म्हणाले, "हे कोणीही लिहिलेलं असेल. नंतर लिहिलं असेल."

"नंतर कधी?" बाईंनी विचारले. "आत्ताच तुम्ही म्हणालात, माशीसुद्धा शिरली नाही."

"तुमच्या मिस्त्रीनं लिहिलं असेल."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, मी गादी उचलली असती तर तुम्हाला आज टोचली असती का?"

बाईंनी बोटाने फळीवरचा एक लालसर गोल दाखवला. स्प्रिंगेचा गंज त्या अक्षरांवर चढला होता. अक्षरे खाली आणि गंज वर. एवढा गंज दोन-तीन वर्षांत चढत नाही. लोक गंजाला नावे ठेवतात. माझ्या बाजूने कोर्टात उभा राहिला तो गंजच.

साहेब खांबापासून दूर झाले. त्यांनी फोटोवाल्याकडचे वर्तमानपत्र घेऊन फाटक्या पँटवर मागच्या बाजूला धरले आणि ते बाहेर गेले.

रविवारी दालन उघडले, पण माझ्यापुढे फलक नव्हता. संग्रहालयाच्या समितीने फळी पाहिली, चौकशीचे जुने कागद मागवले, आणि महिन्याभरात मामांच्या घरी माफीचे पत्र पाठवले. मामांनी ते परत धाडले. "पत्र नको," त्यांनी निरोप दिला. "नवा फलक झाला की साहेबांनी येऊन तो मला वाचून दाखवावा." सबुरीमामांना मी इतकी वर्षे ओळखत होते. एवढा सुंदर डूख त्यांनाही धरता येतो, हे मला ठाऊक नव्हते.

साहेब आले असते का? सरळ बोलावून कधीच नाही. पण संग्रहालयाच्या दारात एक संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर सल्लागारांमध्ये त्यांचे नाव आहे. ते नाव राहायचे असेल तर आलेच पाहिजे, असे समितीने कळवले. साहेब आले.

मामा त्यांच्या आधी अर्धा तास आले, चालत. फार वाकले होते. ताईने त्यांना माझ्यासमोर आणून उभे केले आणि मला जे सत्तावीस वर्षे विचारायचे होते, ते तिने विचारले. "बाबा, फळी होती तर चौकशीत बोलला का नाहीत?"

मामा म्हणाले, "त्या फळीवर माझ्याखेरीज अकरा जणांचं अक्षर होतं. शिवाय दोन मेकॅनिकच्या खुणा. एक मी गेलोच होतो. आणखी तेरा कशाला घालवू?"

माझा त्यांच्यावरचा राग तिथेच उतरला. तो सगळा मी साहेबांच्या रागात भरला, वाया घालवला नाही.

ताईने रंगवलेला फलक समोर होता. त्यावर साहेबांचे नाव नव्हते. मला ते हातभर अक्षरांत हवे होते, पण तिने फक्त घडले तसे लिहिले होते, आणि शेवटी फळीवरची ओळ जशीच्या तशी. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. पहिली वाक्ये ठणठणीत म्हटली. शेवटची ओळ ते नुसते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," मामा म्हणाले.

साहेबांनी पुन्हा वाचले.

"वय झालं साहेब. कान गेलेत. जरा मोठ्यानं."

मित्रांनो, मामांचे कान शाबूत आहेत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर एक काच थरथरते, ती त्यांनी आल्या आल्या मिस्त्रीला दाखवली होती. तरी त्यांनी साहेबांना ती ओळ आणखी दोन वेळा वाचायला लावली. त्या वेळी दालनात एका शाळेची सहल होती. सगळी मुले वाचन थांबेपर्यंत ऐकत उभी होती. साहेब गेल्यावर मामा दोरीखालून आत शिरले. बाईंनी अडवले नाही. ते दांडी धरून माझ्यात चढले, सीटवर बसले आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय थेट जमिनीला टेकला. रंग, काचा, रेक्झिन सगळे नवे करताना ब्रेककडे कोणी पाहिले नव्हते.

"अजून धरत नाही," मामा म्हणाले, आणि उतरले.

पुढच्याच आठवड्यात मिस्त्रीने ब्रेकला नवे लायनर घातले. मी कुठे जाणार नाही, तरी घातले. मला आता उतार मिळणार नाही, म्हणून ते धरतात की नाही हे मामांना कधी दाखवता येणार नाही. याचे दुःख मला आहे आणि ते माझे मी सोसते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही साहेब होतील. ज्याचा पाय रोज ब्रेकवर असतो, तो काय सांगतो ते ऐका, आणि महिनाअखेरीची वाट पाहू नका.

आता माझी विनंती. साहेब संग्रहालयात येत नाहीत. पण त्यांचे घर मागच्याच गल्लीत आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या टपावरची झडप दिवसभर उघडी असते. तुम्ही आलात की माझ्यापाशी थांबा आणि फलकावरची शेवटची ओळ वाचा. मनातल्या मनात वाचू नका. वर्गात कविता म्हणता तशी, सगळ्यांनी मिळून, खणखणीत म्हणा. पलीकडे खिडकी आपटून बंद झाली, की मला येथे ऐकू येते.